निसर्गाच्या शाळेंतील विद्यार्थी : आंरी फाब्र

ज्यांच्या परसांत कढीलिंबाचें किंवा लिंबाचें झाड आहे त्यांनीं पुढील देखावा पुष्कळ वेळां पाहिला असेल. सकाळचें ऊन वर आलें म्हणजे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचें एक मोठें फुलपांखरूं अंगणांत येतें. तुळस, पेरू, सीताफळ यांना ओलांडून तें नेमकें कढीलिंबापाशीं घोटाळूं लागतें. एखाद्या कोंवळ्या पानाला तें पायांनीं क्षणभर स्पर्श करतें, पोट वांकवून मोहरीहून लहान असें एक पिवळसर अंडें तेथें चिकटवितें आणि निघून जातें. थोड्याच दिवसांत त्या अंड्यांतून सुरवंट बाहेर पडतो व त्याच झाडाचीं पानें खाऊन वाढतो. आंब्याच्या किंवा पेरूच्या पानावर तो उपाशी मेला असता. आतां गंमत अशी कीं, आई स्वतः पान कधींच खात नाहीं. तिचा आहार फुलांतील मध. आपलीं लेंकरें मोठीं झालेलीं पाहणेंही बहुधा तिच्या नशिबीं नसतें. मग कोणत्या झाडावर मुलांना अन्न मिळेल हें तिला कोणीं शिकविलें?

हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु अशाच लहान लहान प्रश्नांमागें लागून फ्रान्स देशांतील एका गरीब शाळामास्तरानें आपलें सारें आयुष्य वेंचिलें. त्याची नोकरी सुटली, राहतें घर गेलें, हाताशीं आलेला मुलगा गेला. तरी प्रश्न विचारण्याचें त्याचें व्रत सुटलें नाहीं. त्या थोर पुरुषाचें, झां आंरी फाब्र यांचें, चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

आंरी फाब्र यांचा जन्म इ. स. १८२३ च्या डिसेंबर महिन्यांत दक्षिण फ्रान्समधील सां-लेओं नांवाच्या खेड्यांत झाला. तो मुलूख डोंगराळ, कडक थंडीचा व हलक्या जमिनीचा. घरची स्थिति इतकी ओढगस्तीची होती कीं, धाकटें भावंड झाल्यावर लहानग्या आंरीला आजोळच्या मंडळींसारखेंच प्रेम करणाऱ्या आजी-आजोबांकडे, एका दूरच्या वाडीवर, धाडण्यांत आलें. तेथें मेंढरें, गाईगुरें व मोकळें रान हेंच त्याचें जग होतें. तो पांच-सहा वर्षांचा असतांना एके दिवशीं सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. हा लख्ख प्रकाश आपल्याला तोंडानें दिसतो कीं डोळ्यांनीं, अशी त्याला शंका आली. त्यानें डोळे मिटून तोंड उघडलें, तों प्रकाश नाहींसा झाला. मग तोंड मिटून डोळे उघडले, तों प्रकाश पुन्हां दिसूं लागला. हा शोध त्यानें संध्याकाळीं घरांत सांगितला, तेव्हां सगळे खदखदां हंसले. परंतु आमच्या मतें फाब्र यांच्या शास्त्रीय जीवनाचा आरंभ त्याच दिवशीं झाला. जें सर्वांना ठाऊक आहे तेंही स्वतः पडताळून पाहावयाचें, ही त्यांची संवय शेवटपर्यंत टिकली.

सातव्या वर्षीं तो शाळेंत जाऊं लागला. ती शाळा म्हणजे एक खोली. तीच मास्तरांचा स्वयंपाकघर आणि तीच शेजघर. धडे चालले असतांना कोंबड्या व डुकराचीं पिलें खुशाल आंत शिरत. मास्तर गांवचें न्हावीकामही करीत व देवळाची घंटाही वाजवीत. अशा शाळेंत आंरीला अक्षरओळख होईना. शेवटीं वडिलांनीं शहरांतून एक रंगीत चित्रांचा कागद आणला. त्यावर प्रत्येक अक्षरासाठीं एकेका प्राण्याचें चित्र होतें. मग काय विचारतां! थोड्याच दिवसांत मुलगा वाचूं लागला. प्राण्यांनींच त्याला अक्षरें शिकविलीं, असें म्हटलें तरी चालेल.

पुढें वडिलांनीं शेती सोडून शहरांत लहानसें उपाहारगृह काढलें. तें चाललें नाहीं. दुसऱ्या शहरीं काढलें, तेंही बुडालें. आंरीला रोदेझ येथील विद्यालयांत प्रार्थनामंदिरांतील सेवेच्या मोबदल्यांत फुकट शिक्षण मिळत होतें. पण कुटुंबाच्या या भटकंतीमुळें तें तुटलें. अखेर घराची पांगापांग झाली. कोंवळ्या वयांत त्याला स्वतःचें पोट स्वतः भरावें लागलें. बोकेर गांवच्या जत्रेंत त्यानें लिंबें विकलीं; नवीन लोहमार्गाचें काम चाललें होतें तेथें मजुरी केली. रात्रीं कोठें निजावें हेंही कधीं कधीं ठाऊक नसे. परंतु पुस्तकाची गोडी त्या हालांतही सुटली नव्हती. आव्हिन्यों शहरीं शिक्षक तयार करण्याच्या शाळेंत प्रवेशासाठीं स्पर्धेची परीक्षा होती. तींत तो पहिला आला व त्याला शिष्यवृत्ति मिळाली. दोन घांस नियमित मिळूं लागतांच त्यानें अभ्यासाचा सपाटा लाविला आणि इ. स. १८४२ मध्यें शिक्षकाची सनद मिळविली.

कार्पांत्रा येथील शाळेंत फाब्र शिक्षक झाले तेव्हां ते १८ वर्षांचे होते. पगार वर्षाला ७०० फ्रँक. म्हणजे जेमतेम पोटापुरता. वर्गांतील कांहीं मुलें त्यांच्याच वयाचीं होतीं. मोजणी शिकविण्यासाठीं ते मुलांना माळावर नेत. एकदां त्यांनीं पाहिलें कीं, मुलें खुणेच्या काठ्या रोवावयाच्या सोडून दगड उचलीत आहेत व गवताच्या काडीनें कांहीं तरी चोखीत आहेत. एक मोठी काळी मधमाशी दगडांवर मातीचीं घरें बांधीत असे, व त्या घरांतील मध मुलें खात होतीं! मास्तरही मुलांत सामील झाले. परंतु मुलांना मध मिळाला, आणि मास्तरांना आयुष्यभराचा विषय मिळाला. ही माशी कोणती, हें समजून घेण्यासाठीं त्यांनीं कीटकांवरील एक सचित्र ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत एक महिन्याच्या पगाराइतकी होती. पुढें तो महिना त्यांनीं कसा काढला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं गृहिणींना चांगली करतां येईल.

तरीही कांहीं वर्षें ते गणित व पदार्थविज्ञान यांतच गढले होते. कोणी गुरु नसतां, रात्रीं जागून, त्यांनीं ह्या विषयांच्या पदव्या मिळविल्या. इ. स. १८४९ मध्यें ते कॉर्सिका बेटावर अजाक्सियो येथें पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून गेले. तेथें मोकां-तांदों नांवाचे एक विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पति गोळा करण्यास आले होते. त्यांनीं एके दिवशीं शिवणकामाच्या पेटींतील कात्री व सुया घेऊन, पाण्याच्या थाळींत एक गोगलगाय उघडून तिची शरीररचना फाब्र यांना दाखविली आणि गणित सोडून प्राण्यांच्या अभ्यासास लागण्याचा सल्ला दिला. जीवशास्त्राचा एवढाच एक धडा फाब्र यांना दुसऱ्या कोणापासून मिळाला.

इ. स. १८५३ मध्यें ते आव्हिन्यों येथील सरकारी विद्यालयांत आले व तेथें जवळजवळ १७ वर्षें राहिले. कांहीं गांधीलमाशा दुसरे कीटक पकडून आपल्या पिलांसाठीं बिळांत सांठवितात. ते कीटक मेलेले असून कांहीं औषधानें न कुजतां राहतात, असें तेव्हां विद्वान मानीत. फाब्र यांनीं तासन्‌तास बिळापाशीं बसून दाखवून दिलें कीं ते मेलेलेच नसतात; माशीच्या डंखानें ते केवळ लुळे पडलेले असतात, म्हणून मांस ताजें राहतें. ह्या शोधाबद्दल इ. स. १८५६ मध्यें फ्रान्सच्या विद्वत्परिषदेनें त्यांना पारितोषिक दिलें. परंतु त्यांचें हें काम पाहणाऱ्यांना काय वाटे? एकदां द्राक्षें तोडावयास जाणाऱ्या तीन बायकांनीं सकाळीं त्यांना वाटेच्या कडेला जमिनीकडे टक लावून बसलेले पाहिलें. संध्याकाळीं परत येतांना ते तेथेंच बसलेले! बिचारा वेडा आहे असें समजून त्यांनीं हळहळत देवाचें नांव घेतलें व त्या पुढें गेल्या.

इ. स. १८६५ मध्यें लुई पाश्चर त्यांच्या घरीं आले. रेशमाच्या किड्यांवरील रोगाचा शोध लावण्यासाठीं सरकारनें त्यांना दक्षिणेंत पाठविलें होतें. पण त्यांनीं रेशमाचा कोसला तोंवर हातांत घेतलेला नव्हता. त्याच्या आंत जिवंत कोश असतो हें त्यांना फाब्र यांनीं सांगितलें. पुढें त्याच पाश्चरांनीं तो उद्योग वांचविला. अज्ञानाची लाज न धरतां विचारणारा एक थोर व हातचें न राखतां सांगणारा दुसरा थोर, असा हा प्रसंग आहे.

पगार मात्र वाढेना, आणि कुटुंब वाढत होतें. त्या प्रांतांत मंजिष्ठाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढीत. तो शुद्ध स्वरूपांत काढण्याची युक्ति साधली तर अर्थचिंता मिटेल व उरलेलें आयुष्य कीटकांना देतां येईल, या आशेनें फाब्र यांनीं कित्येक वर्षें प्रयोगशाळेंत घालविलीं. युक्ति साधलीही. परंतु इ. स. १८६८ मध्यें जर्मनीत तोच रंग कृत्रिम रीतीनें तयार झाला, आणि थोड्याच वर्षांत मुळांचा धंदा नामशेष झाला. फाब्र यांच्या श्रमांवर पाणी पडलें.

त्याच वर्षीं शिक्षणमंत्री द्युरुई यांच्या शिफारशीवरून त्यांना पॅरिसला बोलावून सन्मानपदक देण्यांत आलें व बादशहा तिसरा नेपोलियन यांची भेटही झाली. परंतु मानाच्या पाठोपाठ संकट आलें. आव्हिन्यों येथें ते संध्याकाळीं सर्वांसाठीं मोफत व्याख्यानें देत. त्यांत तरुण मुलीही येत. हवा म्हणजे काय, वीज कशी पडते, फुलापासून फळ कसें होतें, अशा साध्या गोष्टी ते सांगत. मुलींना असलें ज्ञान देणें हें शहरांतील कांहीं वजनदार लोकांना खपलें नाहीं. कुजबुज सुरू झाली, मग उघड निंदा. मंत्री द्युरुई यांचें पद जातांच व्याख्यानें बंद पडलीं. ज्या घरांत फाब्र रहात होते तें सोडण्याविषयीं मालकिणींनीं तगादा लाविला. इ. स. १८७० मध्यें त्यांनीं शहर सोडलें व नोकरीलाही रामराम ठोकला. निघावयास जवळ पैसा नव्हता. त्या वेळीं आव्हिन्यों येथें राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल, ज्यांच्याबरोबर ते रानांत वनस्पति शोधीत हिंडत, त्यांनीं कसलाही कागद न करतां ३,००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनीं पुढें ती रक्कम फेडली. आज ज्या पालकांच्या मुली विज्ञानाच्या वर्गांत बसतात, त्यांनीं हा इतिहास आठवावा. मुलींना फुलाची रचना समजावून सांगितली, एवढ्यासाठीं एका शिक्षकास शहर सोडावें लागलें होतें.

ओरांझ या गांवीं राहून त्यांनीं लेखणीवर संसार चालविला. विज्ञानाचीं शालेय पुस्तकें त्यांनीं एकामागून एक लिहिलीं. तेथेंच त्यांच्यावर सर्वांत मोठा आघात झाला. त्यांचा मुलगा झ्यूल हा बापासारखाच निसर्गवेडा होता. किडे व फुलें शोधण्यांत तोच त्यांचा खरा सोबती. इ. स. १८७७ मध्यें वयाच्या १६ व्या वर्षीं तो वारला. फाब्र खचले, पुढच्या हिंवाळ्यांत स्वतःही मरणाच्या दारांत जाऊन आले. नव्यानें सांपडलेल्या तीन गांधीलमाशांना त्यांनीं मुलाचें नांव दिलें. बापानें पुत्राचें याहून वेगळें स्मारक कोणतें करावें?

इ. स. १८७९ मध्यें, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांची चाळीस वर्षांची इच्छा पुरी झाली. सेरिन्यां या खेड्याबाहेर त्यांनीं सुमारें अडीच एकर जमीन व एक घर विकत घेतलें. त्या भाषेंत अशा पडीक, खडकाळ माळाला आर्मास म्हणतात. दुसऱ्या कोणाला ती जमीन फुकटही नको वाटली असती. कारण तींत काटेरी झुडपें व दगड यांवांचून कांहीं नव्हतें. परंतु काट्यांना फुलें येतात, फुलांवर कीटक येतात, आणि फाब्र यांना तेंच हवें होतें. भिंतीच्या आंत त्यांनीं कीटकांसाठीं एक राज्यच निर्माण केलें. त्याच वर्षीं त्यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड निघाला. दहावा व शेवटचा खंड इ. स. १९०७ मध्यें निघाला.

आरंभींचा आमचा प्रश्न ह्याच माळावर फाब्र यांनीं पुन्हां पुन्हां विचारला. आपल्याकडील उटकटाऱ्याच्या जातीचें एक गोल निळ्या फुलांचें काटेरी झाड तेथें होतें. सोंडेसारखें तोंड असलेला एक भुंगेरा त्या फुलांच्या गेंदांत अंडीं घाली. त्याचीच दुसरी भावकी दुसऱ्या जातीच्या काटेझाडावर जाई. फूल अजून उमललेलें नसतांही झाड ओळखण्यांत चूक होत नसे. वनस्पतिशास्त्राचा जाणता मनुष्य जेथें पुस्तक उघडून बसेल, तेथें हा किडा क्षणांत निर्णय देतो, याचें फाब्र यांना मोठें नवल वाटे. त्यांनीं ह्या गुणाला किड्यांची जन्मजात वनस्पतिविद्या मानलें.

वाटाण्याच्या भुंगेऱ्याची गोष्ट निराळी. वाटाण्याला शेंगा धरूं लागल्या कीं त्याची मादी ऊन्हाच्या वेळीं हिरव्या शेंगेवर फिरून पिवळीं अंडीं चिकटविते. झाड ती अचूक निवडते. पण शेंगेंत दाणे किती, याचा हिशेब करीत नाहीं. फाब्र यांनीं शेंगा मोजल्या, अंडीं मोजलीं. दाण्यांपेक्षां अंडीं पुष्कळच अधिक भरलीं. एका दाण्यांत अनेक अळ्या शिरत, पण दाण्याच्या गाभ्यापर्यंत जी पहिली पोंचे ती एकटीच वांचे. बाकीच्या आपल्या जागीं मरून जात. वांचलेली अळी मोठी झाल्यावर कोश होण्यापूर्वींच बाहेर जाण्याचा रस्ता कोरून ठेवी व तोंडाशीं सालीचा पातळ पडदा तेवढा राखी; कारण पुढें होणाऱ्या भुंगेऱ्याच्या अंगीं दाणा कोरण्याचें सामर्थ्य उरत नाहीं.

घेवड्याच्या भुंगेऱ्याची रीत याहून वेगळी. तो कोठारांतील सुक्या दाण्यांतही अंडीं घालतो, आणि तीं दाण्यांना न चिकटवितां इकडे तिकडे टाकून देतो. दाणा शोधण्याचें काम अळीवर सोंपवितो. फाब्र यांच्या लक्षांत आलें कीं घेवडा हा अमेरिकेहून आलेला, म्हणून युरोपांतील किड्यांनीं त्याला बराच काळ ओळखलें नव्हतें. त्याचा शत्रु त्याच्या मागून आला. आमच्या माताभगिनींना ह्या गोष्टी परक्या वाटणार नाहींत. मुगाच्या किंवा चवळीच्या दाण्यावर जो बारीक पांढरा ठिपका दिसतो तें ह्याच कुळांतील भुंगेऱ्याचें अंडें होय. पुढील अभ्यासकांना असें आढळलें कीं, ह्या भुंगेऱ्याची मादी ज्या दाण्यावर आधींच अंडें आहे तो दाणा होतां होईल तों टाळते. म्हणजे वाटाण्यावरील मादीला जो हिशेब येत नाहीं तो मुगावरील मादीला येतो!

सर्वांत मनोरंजक अभ्यास कोबीवरील पांढऱ्या फुलपांखराचा. त्याची मादी कोबीच्या पानावर पिवळ्या अंड्यांचा दाट पुंजका घालते. एका पुंजक्यांत फाब्र यांनीं सुमारें २०० अंडीं मोजलीं. पण बागेंतील कोबी हें मनुष्यानें जोपासून तयार केलेलें पीक. तें नव्हतें तेव्हां हीं फुलपांखरें काय करीत होतीं? फाब्र यांनीं सुरवंटांपुढें निरनिराळ्या पानांचीं ताटें मांडलीं. मुळा, मोहरी, सलगम, तसेंच माळावरच्या त्याच कुळांतील रानटी वनस्पति त्यांनीं आनंदानें खाल्ल्या. सालीट, घेवडा, वाटाणा यांना तोंडही लाविलें नाहीं. म्हणजे त्यांना एकटा कोबी नव्हे, तर मोहरीचें सगळें कुळ ओळखतां येत होतें. पन्नास वर्षें वनस्पति गोळा केलेल्या फाब्र यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें कीं, फूल व फळ नसलेलें एखादें रोपटें मोहरीच्या कुळांतील आहे कीं नाहीं, हें ठरवितांना आपण पुस्तकापेक्षां ह्या फुलपांखरावर अधिक विश्वास ठेवूं.

परंतु तें ओळखतें कसें? भुंगेऱ्याला निदान सोंडेनें झाड चावून पाहतां येतें; फुलपांखराची नळी तर फक्त मध पिण्याच्या कामाची. येथें फाब्र थांबले. उपजत बुद्धि, एवढेंच उत्तर त्यांनीं दिलें, आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक आहे असें भासविलें नाहीं.

उत्तराचा पहिला धागा त्यांच्या हयातींतच, इ. स. १९१० मध्यें, हॉलंडांत हातीं आला. फर्शाफेल्ट नांवाच्या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, मोहरीला जो झणका असतो त्याच्या मुळाशीं असलेलें द्रव्य एरवीं न आवडणाऱ्या पानांना लाविलें, तर कोबीचे सुरवंट तीं पानें खाऊं लागतात. नंतरच्या संशोधकांनीं आईचेंही रहस्य उकललें. हें फुलपांखरूं प्रथम डोळ्यांनीं हिरवा रंग पाहून उतरतें व मग पुढच्या पायांनीं पानावर झपझप थाप मारतें. त्याच्या पायांवर बारीक केस असतात आणि त्या केसांना चव कळते! पानांत मोहरीचें तें द्रव्य आहे असें पायांनीं सांगितलें कीं अंडीं घातलीं जातात. त्या द्रव्याचा लेप दिलेल्या हिरव्या कागदावरही पिंजऱ्यांतील मादी अंडीं घालते. तात्पर्य, जी विद्या फाब्र यांना दिसली ती खरी होती. तिचें पुस्तक मात्र फुलपांखराच्या पायाशीं होतें. कढीलिंबावरील आमचें फुलपांखरूं पानाला क्षणभर पाय कां लावतें, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. लिंबावर वाढणाऱ्या त्याच्या जपानी भाईबंदाच्या पायांतही असेंच चव घेणारें साधन शास्त्रज्ञांना सांपडलें आहे.

एका बाबतींत मात्र फाब्र यांचें मत पुढें टिकलें नाहीं. कीटकांची उपजत बुद्धि आरंभापासून जशीच्या तशी आहे, असें ते मानीत, व डार्विन यांचा उत्क्रांतिवाद त्यांनीं कधींच स्वीकारला नाहीं. डार्विन यांना मात्र त्यांच्या निरीक्षणाविषयीं अतिशय आदर होता. दोघांत पत्रव्यवहार होता व डार्विन यांच्या सूचनेवरून फाब्र यांनीं मधमाशांवर कांहीं प्रयोगही केले. मतभेद असून मैत्र कसें राखावें, याचा हा नमुनाच आहे. आज शास्त्र असें सांगतें कीं, ज्या मातांनीं योग्य पान निवडलें त्यांचीं मुलें वांचलीं व ती निवड वंशांत उतरली; ज्यांची निवड चुकली त्यांचा वंश खुंटला. ही चूक आजही घडते. लसणासारख्या वासाची मोहरीच्या कुळांतील एक युरोपीय वनस्पति एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत गेली व तेथील रानांत पसरली. तेथील एक पांढरें फुलपांखरूं तिला आपली ओळखीची समजून तिच्यावर अंडीं घालतें, आणि त्याचे सुरवंट तीं पानें खाऊन मरतात. आईच्या पायांनीं चव बरोबर सांगितली, पण मनुष्यानें मध्येंच नवें झाड आणून ठेवलें होतें. परदेशाहून एखादें रोप आणतांना केवढी जबाबदारी आपण शिरावर घेतों, हें यावरून दिसतें.

फाब्र यांचे उत्तरायुष्याचे दिवस साधेपणानें व पुष्कळ वेळां तंगींत गेले. पुस्तकांचा खप मंदावला होता. इ. स. १९१० च्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या चाहत्यांनीं सेरिन्यां येथें त्यांचा मोठा सत्कार केला, तेव्हां कोठें जगाचें लक्ष त्या खेड्याकडे वळलें. ते ८६ वर्षांचे झाले होते. इ. स. १९१३ मध्यें फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे हे स्वतः त्यांच्या भेटीस आले. ता. ११ ऑक्टोबर १९१५ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्यांचें घर व माळ फ्रेंच सरकारनें इ. स. १९२२ मध्यें विकत घेऊन जतन केला. त्यांच्या ग्रंथांचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं असून जपानांत तर मुलेंही त्यांचें नांव जाणतात.

ह्या चरित्रांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? फाब्र यांच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती, धन नव्हतें, वशिला नव्हता. त्यांच्यापाशीं दोन डोळे, एक वही आणि न संपणारा धीर एवढेंच होतें. तितकें आपणांपैकीं प्रत्येकापाशीं आहे. येत्या पावसाळ्यांत कढीलिंबावर पिवळसर अंडें दिसलें तर तें चिरडूं नका. तारीख लिहून ठेवा. प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा तो सुरवंट पुढें हिरवागार कसा होतो तें पाहा. त्याला थोडा वेळ आंब्याचें पान द्या, मग लिंबाचें द्या, आणि काय होतें तें लिहा. चार पानें आमटीला कमी पडलीं तरी घरच्या मंडळींनीं रागावूं नये, अशी आमची त्यांना नम्र विनंति आहे. मुलगा असो वा मुलगी, जो कोणी त्या झाडापाशीं अर्धा तास शांत उभा राहील, तो त्या गरीब फ्रेंच मास्तरांच्या वर्गांत बसला असें आम्ही समजूं; आणि त्या वर्गाचें दार कोणालाही बंद नाहीं.